शेंगोळ्यांचा अपमान

धोंडाबाईंनी ताट पुढे सारलं आणि भिंतीकडे तोंड करून त्या पडून राहिल्या. ताटात बाजरीची गरम भाकरी होती, वर लोण्याचा गोळा होता. सून प्रतिभा दारातून बघत होती. सासूबाईंनी लोणी नाकारलं, म्हणजे आता खरंच काळजीची गोष्ट होती.

ओतूरच्या डॉक्टरांना दाखवून झालं होतं. रक्त चांगलं, छाती चांगली. "जरा मन रमवा त्यांचं," म्हणून त्यांनी शक्तीचं औषध लिहून दिलं. मन रमावं म्हणून सुभाषनं आईच्या खाटेसमोर टीव्ही आणून ठेवला. धोंडाबाईंनी डोळे मिटून घेतले. काल तर त्यांनी प्रतिभाला जवळ बोलावलं आणि आपल्यामागं हिरवं लुगडं कुणाला द्यायचं, तेही सांगून टाकलं. प्रतिभा न्हाणीत जाऊन रडून आली.

आणे गावातली त्यांची आळी मात्र इतकी शांत कधीच नव्हती. शेजारच्या अंबाबाई चाकणला मुलाकडे राहायला गेल्या होत्या. सुदर्शन तिथं कंपनीत होता. म्हाताऱ्या आईला एकटं ठेवायचं नाही म्हणून तिला कायमचीच घेऊन गेला. दोन्ही अंगणांमध्ये कमरेएवढी भिंत होती. तिच्या दोन बाजूंना उभ्या राहून दोघी रोज सकाळी भांडायच्या. सांडपाणी, कोंबडीची अंडी, शेवग्याच्या शेंगा, काहीही चालायचं. काहीच मिळालं नाही, तर कुणाच्या लग्नात कुणाला आधी वाढलं, इथपर्यंत मागं जायच्या. टेम्पोत सामान चढलं त्या दिवशी धोंडाबाई सगळ्यांना ऐकू जाईल अशा म्हणाल्या होत्या, "गेली एकदाची पीडा!" आळीनंही हुश्श केलं होतं.

नात समृद्धी कॉलेजच्या सुट्टीत घरीच होती. तिनं एक गोष्ट हेरली. आजी दिवसभर खाटेवर असायची, पण सकाळी चहा झाला की उठायची. भिंतीपाशी जायची, पदर कमरेला खोचायची. पलीकडच्या कुलूप लावलेल्या दाराकडे बघत थोडा वेळ उभी राहायची आणि तशीच परत यायची.

समृद्धीनं विचार केला आणि धडधडीत खोटं बोलायचं ठरवलं.

"आजी, सांगू का नको कळंना," ती खाटेवर टेकत म्हणाली. "अंबाआजीचा फोन आला होता. म्हणत होती, धोंडीच्या शेंगोळ्या म्हणजे नुसते दगड. चाकणला आले, दात वाचले."

खाट करकरली. हुलग्याच्या शेंगोळ्या कराव्यात तर धोंडाबाईंनी, असं सगळं आणे म्हणायचं.

"अशी म्हणली?"

"अजून पण काय काय बोलली. जाऊ दे."

"लाव फोन."

"इथं रेंज नाही. ओट्यावरनं लावून आणते," असं आणखी एक खोटं सांगून समृद्धी बाहेर पळाली. चाकणला फोन लागला. अंबाबाईंचा आवाज विहिरीतून आल्यासारखा होता. "कोन, समी व्हय? बरी हाय गं. बसती आपली खिडकीत. हितं कुनी कुनाला वळखत न्हाई."

"अंबाआजी, आमची आजी म्हणतीय, तू गेलीस आणि आळीतल्या माश्या कमी झाल्या."

पलीकडे खुर्ची खरकन सरकली. मग आवाज आला. या वेळी तो विहिरीतला नव्हता.

"दे तिला!"

समृद्धीनं व्हिडिओ चालू केला, आत धावली आणि फोन आजीच्या तोंडासमोर धरला.

"काय गं अंबे, माझ्या शेंगोळ्या ताटली चाटूनपुसून खाताना लई ग्वाड लागत व्हत्या! आन नीट दिस की, नुसतं कपाळच दिसतंय!"

"तेवढंच बघ, तुला लई झालं! आन माश्यांचं काय गं? तुझ्या दारात माशीला बसाया जागा कुठंय? सारखी तूच बसल्याली असतीस!"

धोंडाबाई खाटेवरून उतरल्या. फोन हिसकावून अंगणात गेल्या, भिंतीपाशी उभ्या राहिल्या आणि पदर खोचला. मग शेवगा निघाला, कोंबडी निघाली, सांडपाणी निघालं. आवाज ऐकून सुभाष कांद्याच्या वाफ्यातून चिखलाच्या पायांनी धावत आला. प्रतिभा फोन काढून घ्यायला निघाली, तिला समृद्धीनं मागं ओढलं. आळीतली माणसं ओट्यांवर येऊन बसली. भागू गवंडी तर हातातलं काम टाकून ऐकत राहिला. लग्नातल्या पंगतीपर्यंत गाडी आली आणि फोनची बॅटरी संपली.

धोंडाबाईंचा चेहरा लाल झाला होता. अंबाडा सुटला होता.

"बोलू दिलं न्हाई मला नीट," त्या म्हणाल्या. "प्रतिभा, भूक लागलीया. भाकरीसंगं कोरड्यास काय हाय?"

संध्याकाळी सुदर्शनचा फोन आला. "समे, काय केलंस गं? आई कधीची स्वयंपाकघरात शिरलीय. बिल्डिंगमधल्या सगळ्या बायांना चहाला बोलावलंय आणि भांडण पहिल्यापासून सांगतीय. कोण कुठली, आजपर्यंत नावं माहीत नव्हती!"

समृद्धी हसत आत आली, तर आजीनं बोटानं तिला जवळ बोलावलं. आजीची नजर करडी होती. आपली चोरी पकडली गेली, हे समृद्धीला कळलं.

"अंबी तसलं काय बी बोलल्याली न्हाई," धोंडाबाई हळू आवाजात म्हणाल्या. "मला तवाच कळलं व्हतं."

"मग आजी, तू..."

"उद्याचं जरा याच्याहून झणझणीत काढ."