कानाला बांध

गाडीतल्या स्पीकरवरच्या बाईने आधी कुठल्याशा भलत्याच भाषेत पुढचं स्टेशन सांगितलं आणि मग तेच इंग्रजीत. द्वारकाबाईंनी सुनेला कोपराने ढोसलं.

"ही आधी काय बरळली गं?"

"वेल्श आहे ते, आई. आपण वेल्समध्ये शिरलो." रंजिताने मोबाइलवरची मान वर केली नाही. "तुम्हाला सांगायचं राहिलं. उद्या लग्नात वेदांग सगळं वेल्शमध्ये बोलणार आहे. वर्षभर क्लास लावला होता त्याने. कॅरिसच्या घरी हीच भाषा बोलतात ना."

द्वारकाबाई खिडकीकडे वळल्या. बाहेर हिरव्यागार टेकड्या होत्या आणि कुणी तांदूळ सांडावेत तशा मेंढ्या.

"माझ्या भाषेला कुठला क्लास लागत होता?" त्या काचेलाच म्हणाल्या. "मी घरातच होते की. फुकट."

समोर त्यांचा मुलगा विजयकुमार तोंड उघडं टाकून झोपला होता. लंडन सोडल्यापासून, मध्ये गाडी बदलली तेवढा जागा. बापाचं दुसरं काही घेतलं नाही, झोप तेवढी घेतली.

वेदांगला वाढवला द्वारकाबाईंनी. आईबाप दिवसभर ऑफिसात. शाळेची बस यायची तेव्हा दुबईच्या त्या भट्टीत बिल्डिंगखाली आजी उभी. शाळेत जाईपर्यंत पोरगा अस्सल वेंगुर्ल्याचं बोलायचा, शिव्यांसकट. मग शाळेने त्याची जीभ बदलून घेतली. आजी मराठीत विचारायची, नातू इंग्रजीत उत्तर द्यायचा. अल क्वोजच्या गॅरेजमधून कामावरून आलेले आजोबा, द्वारकाबाईंचे भिकाजी, हाताचं ऑइल पुसत हसायचे. "अगं, समजतं ना त्याला? खलास!" खलास काय? गाईलासुद्धा समजतं.

पुढे भिकाजी गेले. वेदांग शिकायला इकडे आला तो इकडचाच झाला. द्वारकाबाईंना लिहिण्याचा कंटाळा, म्हणजे चार ओळी लिहायच्या तर दुपार जायची. त्या बोलायच्या. दुबईच्या मरीनामधल्या उंच घराच्या गॅलरीत बसायचं, फोनचं बटण दाबायचं, घसा दोनदा खाकरायचा आणि सुरू करायचं. "मेल्या, जेवलास का? कानाला बांध. तिथे वारा असतो." मग वाळूच्या वादळाने समोरचे टॉवर कसे गिळले, आजोबा असते तर आल्या आल्या केस कसे झाडले असते, माहेरच्या खाडीत भरतीला होड्या कशा उठायच्या, सगळं. घरात ऐकायला दुसरं होतं कोण?

उत्तराला यायचा एक अंगठा. एवढा शिकला इंजिनियर आणि अंगठा देतो! द्वारकाबाई चौथी नापास, पण बँकेत सही करायच्या.

त्यांनी मांडीवरची पर्स चाचपली. आत पाटल्या होत्या. भिकाजींनी शेवटच्या वर्षी घेऊन ठेवलेल्या. "वेदांगच्या बायकोच्या हातात तू घाल," म्हणाले होते.

"पाटल्या परत दुबईला जातील," द्वारकाबाई म्हणाल्या.

आता रंजिताने मान वर केली. "आई, प्लीज. ती माणसं काय म्हणतील? लग्नात सीन नको."

"सीन कसला? मी एक शब्द बोलणार नाही त्या पोरीशी. बोलून तिला कळणार आहे काय?"

"अहो, पण बाबांनी..."

"त्यांचं नाव तू नको घेऊस मध्ये."

टेकड्या संपल्या आणि गाडी एकदम पाण्याच्या काठाला आली. खाडी होती. ओहोटी लागलेली. चिखलात होड्या कुशीवर कलंडल्या होत्या, आणि एक माणूस गुडघाभर चिखलातून काहीतरी ओढत किनाऱ्याला येत होता. माहेरी त्यांचा बाप यायचा तसाच. द्वारकाबाईंचा हात आपोआप फोनकडे गेला. बटण दाबलं. घसा खाकरला, एकदा, दोनदा.

"मेल्या..."

मग त्यांना तो वेल्शचा क्लास आठवला. त्यांनी बोट उचललं आणि फोन पाटल्यांशेजारी टाकून पर्सची चेन लावली.

स्टेशन म्हणजे एक फलाट आणि दोन बाकं. वारा असा की पदर हातात राहीना. वेदांग धावत आला, वाकला, आजीला मिठी मारली. "हाऊ वॉज द ट्रेन, आजी?"

"बरी होती," द्वारकाबाई म्हणाल्या.

त्याच्यामागे ती उभी होती. उंच, नाकावर तीळच तीळ, गळ्यात लोकरीचा जाडजूड मफलर. रंजिता हात पसरून पुढे झाली, "हाय कॅरिस!" पण पोरगी तिच्या बाजूने निघून सरळ द्वारकाबाईंसमोर आली. द्वारकाबाईंनी ओठ घट्ट मिटले आणि तिच्या खांद्यावरून पलीकडे बघितलं.

कॅरिसने घसा खाकरला. एकदा, दोनदा. तरण्या पोरीची ती खाकर नव्हे. छातीत दुबईची धूळ बसलेल्या म्हातारीची.

"मेल्या, जेवलास का?"

विजयकुमारच्या हातातली बॅग खाली पडली. कॅरिसने गळ्यातला मफलर सोडवला, द्वारकाबाईंच्या डोक्यावरून घेतला आणि हनुवटीखाली गाठ मारली, शाळेत निघालेल्या पोराला मारावी तशी.

"कानाला बांध," ती म्हणाली. "तिथे वारा असतो."

वेदांग लालबुंद झाला होता. "सॉरी, आजी! शी लिसन्स टू युवर मेसेजेस. ऑल ऑफ देम. एव्हरी डे."

तेवढं इंग्रजी द्वारकाबाईंना येत होतं. त्यांनी पर्सची चेन ओढली. पाटल्या बाहेर काढल्या.

"नाही गं मेले, कुठली जेवते," त्या म्हणाल्या. "हात पुढे कर."