छताला न टेकणारी भिंत

“मी अडले, तर मला शब्द सुचवायचा नाही. माझं काम थांबवायचं. आणि ते दिग्दर्शकाला तुम्हीच सांगायचं हं, दुसऱ्या कुणी नाही.”

फुमियो-सानचं हे बोलणं एइकिचीच्या कानात होतं. मालिकेच्या मुहूर्ताला सगळे देवळात गेले होते. पुजाऱ्याने पांढऱ्या कागदांची झालर लावलेली काठी सगळ्यांच्या डोक्यांवरून फिरवली, आणि पायऱ्या उतरताना तिने त्याची बाही धरून हे सांगितलं. देवाच्या दारात तो हो म्हणाला होता.

आत्ता तो गळ्यापर्यंत पाण्यात बसला होता. डोक्यावर घडी केलेला पंचा. सार्वजनिक स्नानगृहाला आज सुट्टी, म्हणून ते शूटिंगला मिळालं होतं. मधल्या भिंतीच्या अलीकडे पुरुषांचा हौद, पलीकडे बायकांचा. भिंत छताला टेकत नव्हती. वरच्या मोकळ्या जागेतून वाफ इकडून तिकडे जात होती, आणि आवाजही.

मालिकेत उद्या पहाटे तारा कोसळणार होता. जग संपणार होतं. तरुण जोडपं टोकियोभर एकमेकांना शोधत होतं. पण लोक वाट बघायचे ती एइकिची आणि फुमियो-सान करत असलेल्या म्हाताऱ्या नवराबायकोची. आजचा प्रसंग साधाच. दोघं रोजच्यासारखी आंघोळीला आलीत. तो भिंतीवरून हाक मारणार, “अगं, निघतो मी!” ती म्हणणार, “थांबा हो. आज आणखी थोडं बसू.” बस्स, एवढंच.

पुढच्या आठवड्यात शेवटचा भाग. त्यात गच्चीवर ती त्याचा हात हातात घेणार होती. आजवर कितीतरी मालिकांत ती दोघं नवराबायको झाली, कितीतरी चहा तिने त्याच्यापुढे ठेवले. पण हात कधी कुणी लिहिला नव्हता. कॅमेरा बंद झाला की ती आपल्या घरी, तो आपल्या. गच्चीच्या प्रसंगाची दोन पानं आपण पुन्हा पुन्हा काढून वाचतो, हे एइकिचीने कुणाला सांगितलं नव्हतं.

“घाई नको!” दिग्दर्शक मिनेगिशी कपडे बदलायच्या खोलीतून ओरडला. त्याच्यापुढे दोन पडदे होते. त्यांवर त्याला भिंतीच्या दोन्ही बाजू दिसत होत्या. “मधली शांतता तुमची. हवी तेवढी घ्या.”

“हवी तेवढी घेतली, तर दोघंही उकडून निघू इथे!” पलीकडून फुमियो-सान म्हणाली.

सगळे हसले. आवाज खणखणीत होता. एइकिचीला जरा बरं वाटलं.

कॅमेरे सुरू झाले.

“अगं, निघतो मी!”

उत्तर आलं नाही.

नळ टपकत होता. साउंडवाला उकिडवा बसून, डोळे मिटून ऐकत होता. एइकिची वाट बघत राहिला. तिची शांतता त्याला ओळखीची होती. त्या शांततेत पुढचं वाक्य दबा धरून बसलेलं असायचं. आजच्या शांततेत काहीच नव्हतं.

‘थांबू का?’ एवढंच भिंतीवरून म्हटलं असतं, तरी ती सावरली असती. कुणाला कळलंही नसतं. पुढचा आठवडा आला असता, गच्ची आली असती. शब्द जिभेवर आले. त्याने ते गिळले.

“कोण?” पलीकडून आवाज आला. बारीक, घाबरलेला. “कोण आहे तिकडे?”

हे कागदावर नव्हतं.

देवळात दिलेल्या शब्दाप्रमाणे एइकिचीने आत्ताच थांबवायला हवं होतं. पण ती तिकडे ओल्या पंचात, एवढ्या दिव्यांखाली, एवढ्या माणसांसमोर बसली होती. तिला तिथे उघडं पाडणं त्याला जमेना.

“मीच आहे,” तो म्हणाला. “एइकिची.”

मालिकेतल्या नवऱ्याचं नाव वेगळं होतं.

“अस्सं,” ती म्हणाली. “मग बरं.”

“कट!”

मिनेगिशी मोज्यांनिशीच ओल्या फरशीवर धावत आला. त्याचे डोळे भरले होते. “फुमियो-सान! अहो, उद्या जग संपणार, आणि बाई आपल्याच नवऱ्याला विचारते, कोण आहे तिकडे! हे लिहून येत नाही. आणि एइकिची-सान, तुम्ही खरं नाव घातलंत! छे, आता मी गच्चीचा प्रसंग लांबवणार. हात धरून पहाटेपर्यंत बसवणार दोघांना!”

टाळ्या सुरू झाल्या. मिनेगिशी तेवढंच पुन्हा बघायला पडद्यांकडे पळाला.

टाळ्यांच्या आवाजातून भिंतीवरून हलकेच प्रश्न आला. “एइकिची-सान, मी काही चुकले का हो?”

“चुकलात कसल्या!” शिडीवरून लाइटवाला ओरडला. “आम्हाला रडवलंत, आजीबाई!”

हशा पिकला. पलीकडे ती हसली नाही. ती त्याच्याच उत्तरासाठी थांबली होती.

“पंचा नीट घ्या अंगावर,” एइकिची म्हणाला. “गार वारा लागेल. बसा तिथेच, मी आलोच.”

तो हौदातून उठला. दोन्ही पाय सावकाश पुसले, अंगावर सुती किमोनो चढवला, आणि मिनेगिशीच्या दिशेने चालू लागला. टाळ्या वाजवणारी माणसं हसत हसत बाजूला सरून त्याला वाट करून देत होती.