न विझणारा मोबाईल

ओमप्रकाशभाऊंनी वर्ध्याहून नवाकोरा मोबाईल आणला, पण त्याच्या स्क्रीनचा लाईट एकदा लागला की बंदच होईना. उद्या दुकानात जाऊन तो बदलवून आणू, असं ते घरात सांगत होते, तेवढ्यात लेकीला, आकांक्षाला, पाहायला देवळीचे पाहुणे आले.

"आमच्या पोराले सुपारीचंबी व्यसन नाई," मुलाची आई सांगत होती आणि लोडशेडिंगनं घरात अंधार झाला. भाऊंनी पटकन मोबाईल समोर धरला, तर मुलगा गालात तंबाखू-सुपारीचा खर्रा कोंबत होता!

"अजी, बंद करा ना तो लाईट!" त्याची आई ओरडली.

"बंदच होत नाई ना, बाई!"



आकांक्षा खुदकन हसली, "बाबा, मोबाईल राहू द्या. पोरगा बदलवा."