न वळणारा ठिपका

कानिटकर मॅडमनी पेढा तोंडात टाकला, तोच सुहृदने लॅपटॉप पुढे सरकवला. त्यांचा हा लाडका विद्यार्थी आता बातम्यांच्या चॅनेलात नोकरीला लागला होता.

"मॅडम, तुमचंच गणित! बातमी किती वेळा दाखवली की लोकांचं मत फिरतं, ते."

पडद्यावर त्यांचंच गाव होतं. एक ठिपका म्हणजे एक माणूस. डॉक्टर निमकरबाई दवाखान्याची औषधं बाहेर विकतात, ही चॅनेलची गेल्या महिन्यातली बातमी सुरू झाली आणि त्यांच्या बाजूचे निळे ठिपके भराभर लाल होत गेले.

"बातमी खरी होती ना रे?"

"तुमच्या समीकरणात ती अट कुठे होती, मॅडम?"

मॅडमनी पडद्यावर बोट ठेवलं. "गावात एखादा न वळणारा ठिपका असतो, असं मी शिकवलं होतं. तो कुठाय?"

"होता की! बाकीचे त्याच्याकडे बघूनच थांबलेले. नवव्या दिवशी तो वळला, मग दोन दिवसांत सगळं गाव."

नवव्याच दिवशी मॅडमनी डॉक्टरांच्या पाठिंब्याच्या पत्रकावरची आपली सही खोडली होती. तीस वर्षांपासूनच्या या मैत्रिणीला एका शब्दानेही न विचारता.

सुहृद पाया पडायला वाकला. "तुमच्याशिवाय जमलंच नसतं."