वळणावरचे दगड

तुपोकिग्वे हात धूत होती आणि तिचा नवरा ग्वाकिसा तिच्या बोटांकडे टक लावून बघत होता. नखांत माती. एक नख मुळापासून तुटलेलं. कमरेला गुंडाळलेल्या किटेंगेला गुडघ्यांपाशी चिखल. म्बेयाच्या बाजारात केळी विकून आलेल्या बाईचे गुडघे कसे मळतात?

"आज कुणाच्या गाडीने गेलीस?"

"आसाजिलेच्या."

ग्वाकिसाच्या अंगाचा तिळपापड झाला. तो स्वतः तुकुयु ते म्बेया व्हॅन चालवायचा. पहाटेची पहिली गाडी त्याची, त्यामागची आसाजिलेची. आणि घरची गाडी सोडून ही बाई दर बाजाराला मागच्या गाडीत बसायची. का म्हणून विचारलं, तर म्हणे, "लुगानोचे बाबा, तुमच्या गाडीत मला जीव मुठीत धरून बसावं लागतं."

एकटी तीच असती तर एक वेळ चाललं असतं. पण अख्ख्या स्टँडला आसाजिलेचं वेड. ग्वाकिसाची गाडी समोर उभी असताना म्हाताऱ्या त्यालाच विचारायच्या, "बाळा, आसाजिले कधी लावतोय रे गाडी?" ग्वाकिसाच्या पोटात दुखायचं. असं काय मोठं सोनं लागलं होतं त्या माणसाला? गाडी सावकाश चालवायचा आणि रस्ता साफ करत जायचा, एवढंच.

वाटेतल्या घाटात गाडी बंद पडली की चाकांना मोठे दगड लावायचे, झाडाच्या फांद्या तोडून मागे रस्त्यावर टाकायच्या, म्हणजे येणाऱ्याला कळतं. ही रीत सगळे पाळायचे. गाडी सुरू झाल्यावर दगड उचलायची रीतही होती म्हणे, वाडवडिलांच्या काळात. आता एकटा आसाजिले थांबायचा आणि दुसऱ्यांचे दगड कडेला लावायचा. ग्वाकिसाची जुनी गाडी चहाच्या मळ्याजवळच्या चढावर, ऐन वळणावर, हटकून तापायची. घरी येऊन तो हसत सांगायचा, "आजपण दगड तिथेच टाकून आलोय. तुझा आसाजिले उचलेल. हौस आहे त्याला."

तुपोकिग्वे खाली मान घालायची. त्या खाली घातलेल्या मानेत त्याला भलतंच दिसायचं.

एक दिवस कंडक्टरने त्याच्या कानाला लागून सांगितलं, "भाऊ, राग मानू नका. वहिनी मळ्याजवळच्या वळणावर आसाजिलेबरोबर खाली उतरतात. धुक्यात. लोकांनी पाहिलंय."

त्या रात्री ग्वाकिसा जेवला नाही. बायकोला काही विचारलंही नाही. विचारलं असतं तर उत्तर ऐकावं लागलं असतं. दुसऱ्या दिवशी तो थेट चालक संघटनेच्या अध्यक्षांकडे गेला. "आसाजिले भर घाटात गाडी थांबवतो. बाकीच्यांचा खोळंबा होतो. त्याला दुसरीकडे टाका." अध्यक्षांना कटकट नको होती. त्यांनी आसाजिलेला खालच्या क्येलाच्या रस्त्यावर पाठवलं आणि त्याच्या जागी एक नवा चालक आणला.

बाजाराचा दिवस उजाडला. म्हाताऱ्या नाइलाजाने ग्वाकिसाच्याच गाडीत चढल्या. तुपोकिग्वे मात्र केळ्यांचे घड घेऊन मागच्या गाडीपाशी जाऊन उभी राहिली. "बस तिथेच," तो मनात म्हणाला. "आता नाहीये तो."

भरलेली गाडी चढावर तापलीच. चाकांना दगड लागले, मागे फांद्या पडल्या, इंजिनात पाणी ओतून झालं. निघताना कंडक्टरने विचारलं, "दगड उचलू का?"

"राहू दे. मागून आसाजिले येतोय ना."

वर्षानुवर्षांची सवय. तोंडातून वाक्य निघालं आणि गाडीही निघाली.

म्बेयाला पोहोचून त्याने चहा घेतला, चपाती मागवली. आज चहाला चव होती. शेजारच्या चालकाने सहज विचारलं, "तुझ्या मागची गाडी अजून नाही आली?"

ग्वाकिसाचा घास तोंडातच राहिला. मागून आसाजिले येत नव्हता. मागून नवा माणूस येत होता, धुक्यातून, आणि त्याच्या गाडीत तुपोकिग्वे होती.

स्टँडवरचा नंबर सोडून त्याने गाडी वळवली. परतीच्या रस्त्यावर तो जन्मात पहिल्यांदा देवाचं नाव घेत गाडी हाकत होता.

वळणावर मागची गाडी आडवी उभी होती. पुढचं चाक गटारात गेलेलं. माणसं कडेला बसली होती, भेदरलेली पण धडधाकट. नवा चालक कपाळाला हात लावून म्हणाला, "ती बाई आधीच ओरडली, 'हळू घे, पुढे दगड असतील.' नाहीतर सगळे दरीत गेलो असतो."

ती बाई धुक्यात रस्त्याच्या मधोमध गुडघ्यांवर बसली होती. एक मोठा दगड कडेला ढकलत होती. नखांत माती. किटेंगेला गुडघ्यांपाशी चिखल.

ग्वाकिसा तिच्यापाशी जाऊन उभा राहिला. कसाबसा म्हणाला, "तू... दर बाजाराला?"

तुपोकिग्वेने वर पाहिलं नाही.

"पहिल्यांदा आसाजिले एकटाच उतरला होता. मला गाडीत बसवेना. म्हटलं, थांब भाऊ, हे आमच्या घरचे दगड आहेत."