मान हलवायची नाही

यंत्र पुन्हा थांबलं. टकटक बंद झाली आणि पडद्यावर लाल अक्षरं आली, 'डोकं हललं'.

"निधी, हिले कहाँ?" डॉक्टर प्रदीपकुमार वैतागले. "मैं सामने खड़ा हूँ. तुम्हारा कॅमेरा ही गड़बड़ है."

खुर्चीत भीमाचार्य पुतळ्यासारखे बसले होते. उदासीच्या आजारानं त्यांना असं काही धरलं होतं, की दिवाळीपासून ते ना बोलत होते, ना कुणाला हो-नाही करत होते. औषधं हरली, म्हणून बेंगळुरातल्या इंदिरानगरच्या या क्लिनिकमध्ये डोक्याला कॉइल टेकवून मेंदूला चुंबकाचे ठोके देणं चालू होतं. ठोका नेमक्या जागी बसावा म्हणून समोर निधीनं बनवलेला कॅमेरा. डोकं केसभर सरकलं तरी तो ठोके थांबवायचा.

निधी पुण्याची. आपलं चुकलं असेल, हा विचार तिला नेहमी सर्वांत शेवटी सुचायचा. या खेपेला तो सुचायची गरजही नव्हती.

"कॅमेरा सही है, सर." तिनं काच पुसली, दिवा तपासला आणि सरळ आलेख उघडला. त्यात तीन रेघा होत्या. मान वर-खाली झाली की पहिली हलायची, आडवी फिरली की दुसरी. त्या दोन्ही सपाट होत्या. तिसरी मात्र मधूनमधून थरथरली होती.

खुर्चीमागे भीमाचार्यांच्या पत्नी, सुनंदाबाई, स्टुलावर बसल्या होत्या. नवरा उत्तर देवो न देवो, त्यांचं बोलणं घरीदारी अखंड चालू असे. निधी त्यांच्याकडे वळली.

"काकू, काकांची मान हलतेय, पण डोळ्यांना दिसणार नाही इतकीच. आणि धड 'हो' नाही, धड 'नाही'ही नाही. नुसती या खांद्याकडून त्या खांद्याकडे कलते. झटका येत असावा."

"कधी कधी हलली?"

"तुम्ही रात्री भातावर सारू करू का विचारलंत, तेव्हा. मग जयनगरला भाजीला जाऊन येऊ का म्हणालात, तेव्हा."

सुनंदाबाई ताडकन उठल्या.

"झटका कसला गं पोरी! ते सरी म्हणतायत. सरी, सरी. आमच्या बेंगळुरात हो असंच, मान डोलवून म्हणतात!"

आणि त्या मटकन खाली बसून रडायला लागल्या. इतक्या महिन्यांनी हो मिळालं होतं. डोळ्यांना न दिसणारं, पण हो. त्यांना आनंद मावेना.

डॉक्टरांनी आलेख पाहिला. त्यांची स्वतःची मान नेमकी तशीच डोलली, ते बघून निधीला हसू आलं.

"अम्मा, छान झालं," ते त्यांच्या मोडक्या मराठीत म्हणाले. "पण उपचार पुरा व्हायला पाहिजे. त्यांनी मान हलवायची नाही. म्हणजे तुम्ही काही विचारायचं नाही. स्वल्प गप्प बसा."

सुनंदाबाईंना एक वेळ निर्जळी एकादशी जमली असती. तरी त्यांनी पदर तोंडाशी घट्ट धरला आणि ब्र काढला नाही.

टकटक सुरू झाली. तिन्ही रेघा सपाट. निधीनं ऐटीत हाताची घडी घातली. खोलीत दुसरा आवाज नव्हता.

यंत्र थांबलं.

डॉक्टरांनी सुनंदाबाईंकडे पाहिलं. त्यांनी घाईघाईनं नकारार्थी हात हलवला. मग निधीनं आलेख पाहिला. आता दुसरी रेघ वर चढत होती, आणि ते कळायला कॅमेरा लागतच नव्हता. भीमाचार्य सावकाश मागे वळून बघत होते. घसा बसलेला होता, शब्द दोनदा अडकले.

"का गं," ते म्हणाले, "गप्प का बसलीस?"