फेबियनचं तेवढं

"ह्यातलं नेमकं काय पुसायचं, ते दाखव," हिल्डाने सेलिनला सांगितलं.

फेबियनचा कॉम्प्युटर उद्या चर्चच्या वर्गाला जाणार होता. मुलाला जाऊन वर्ष झालं, त्या दिवशी चर्चमधल्या मिस्सेनंतर हिल्डाच्या नवऱ्याने, फ्रेडरिकने, सगळ्यांसमोर फादरना तसा शब्द दिला होता. गेलेल्या माणसाची चांगली वस्तू वर्ष भरलं की कुणाच्या तरी कामी लावायची, ही त्यांच्या घरची रीत.

सेलिन हिल्डाची भाची. एव्हरशाईन सिटीत कॉम्प्युटर शिकवायची. तिने सी ड्राइव्ह उघडला. पिवळ्या फोल्डरांची रांग दिसली.

"हे विंडोज. हे प्रोग्राम फाइल्स. ही मशीनची, मावशी. विंडोजमधलं काही पुसलंस तर ते सुरूच होणार नाही."

"आणि माझ्या पोराचं?"

"हे. माय डॉक्युमेंट्स."

आत त्याचे फोटो होते, बँडची गाणी होती. सेलिनने एक फाइल लावली. "आई, चहा ठेव," फेबियन म्हणाला. माइक तपासायला बोलला होता.

"सीडीवर उतरवून देऊ?" सेलिनने विचारलं.

"ती लावायची कशावर?" फ्रेडरिक म्हणाला. तो खिडकीशी केळीच्या पानांचे गठ्ठे बांधत होता. "द्यायचं ते साफ करून द्यायचं. लोकांच्या पोरांनी आपल्या पोराचं कशाला बघायचं?"

"काका, तुम्ही काळजाच्या जागी नारळ घेऊन आलात."

"नारळात पाणी तरी असतं," हिल्डा म्हणाली.

फ्रेडरिकने गाठ आवळली.

"उद्या मीच पुसते," हिल्डा सेलिनला म्हणाली. "आजचा दिवस राहू दे."

सकाळी ती कॉम्प्युटरसमोर बसली. बटण दाबलं. काळ्या पडद्यावर दोन इंग्रजी ओळी आल्या आणि तिथेच थांबल्या. तिने सेलिनला बोलावून घेतलं. तोवर चर्चचा टेम्पोही दारात येऊन उभा राहिला.

सेलिनने बराच वेळ खटपट केली.

"विंडोजमधल्या फाइल्स कुणीतरी पुसल्यात," ती म्हणाली आणि मावशीकडे बघितलं.



"मावशी, मला समजतं गं," सेलिन हळूच म्हणाली. "फेबियनचं सगळं आत जसंच्या तसं आहे. मी विंडोज परत भरून देते. तासाभराचं काम. मग बस तू निवांत, ऐक हवं तेवढं आणि मग पुस."

"भरू नको," फ्रेडरिक खिडकीशी पाठमोरा म्हणाला. "मला परत पुसावं लागेल."